छतावरची वीज : एक युनिट कितीला पडते?

सूर्यप्रकाश फुकट मिळतो, मग सूर्यापासून मिळणारी वीज फुकट का नाही? ऊर्जेचा धडा शिकवताना हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर सोपे आहे. जमिनीतले पाणीही फुकटच असते, पण ते मिळवण्यासाठी विहीर खणावी लागते, बांधावी लागते, वर मोट किंवा पंप बसवावा लागतो. पाण्याचा खर्च म्हणजे खरे तर विहिरीचा खर्च. सौर विजेचेही तसेच आहे. तिला इंधन लागत नाही, पण जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि मिळकत मात्र पुढची पंचवीस वर्षे थोडी थोडी होत राहते.

कोळशाच्या विजेत हे उलट असते. तिथे खर्चाचा मोठा भाग रोज जळणाऱ्या कोळशाचा असतो. म्हणूनच सौर विजेचा 'भाव' विचारला की दुकानदार एक आकडा सांगतो, बँक दुसरा, शेजारी तिसरा, आणि तिघेही आपापल्या परीने खरे असतात. घरी पॅनेल बसवावे का, बॅटरी घ्यावी का, हा आज अनेक शिक्षकांच्या घरातलाही प्रश्न आहे. दीड-दोन लाख रुपयांचा निर्णय जाहिरातीवर सोडण्यापेक्षा तो आपणच कागदावर सोडवून पाहिलेला बरा. त्याला लागणारे गणित नववी-दहावीच्या पलीकडचे नाही.

किलोवॅट आणि युनिट

सुरुवातीला दोन शब्दांतला फरक स्पष्ट करून घेऊ, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. किलोवॅट हे शक्तीचे, म्हणजे ऊर्जा किती वेगाने मिळते याचे माप आहे. युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, हे ऊर्जेचे माप आहे. नळाची धार आणि हंड्यात साठलेले पाणी यांच्यात जो फरक, तोच या दोहोंत. पॅनेल आपण किलोवॅटमध्ये विकत घेतो, बिल मात्र युनिटांत येते.

पॅनेलवर लिहिलेली शक्ती प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीत मोजलेली असते : दर चौरस मीटरला १००० वॅट इतका प्रकाश आणि सौरघटांचे तापमान २५ अंश सेल्सिअस. आपल्या छतावर अशी परिस्थिती क्वचितच असते. सकाळी-संध्याकाळी ऊन तिरपे असते, पावसाळ्यात ढग असतात. मे महिन्यातले ऊन कडक असते खरे, पण तेव्हा पॅनेल तापते. सिलिकनचा सौरघट तापला की त्याचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी होतो. दर अंशामागे शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मेमधल्या दुपारी पॅनेलचे तापमान ६० अंशांवर गेले तर २५ अंशांपेक्षा ते ३५ अंशांनी जास्त झाले. म्हणजे सुमारे १२ टक्के वीज नुसत्या उष्णतेने गेली. 'ऊन जितके तापेल तितकी वीज जास्त' हा समज म्हणूनच बरोबर नाही. वीज प्रकाशापासून होते, उष्णतेपासून नव्हे.

हे सगळे लक्षात घेऊन वर्षाची सरासरी काढली, तर महाराष्ट्रात १ किलोवॅटच्या पॅनेलपासून दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात. त्यासाठी छतावर साधारण १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते. 'सावलीविरहित' या शब्दाला महत्त्व आहे. पॅनेलमधले घट साखळीसारखे एकामागे एक जोडलेले असतात. पाण्याच्या टाकीची किंवा नारळाच्या झावळीची सावली थोड्याच घटांवर पडली, तरी साखळीच्या मोठ्या भागातील प्रवाह अडतो.

किंमत उतरली कशी?

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकनचा पहिला व्यवहार्य सौरघट तयार केला. त्याची कार्यक्षमता जेमतेम ६ टक्के होती आणि किंमत इतकी, की घरात वापरण्याचा विचारही करता येऊ नये. त्याला पहिले खरे गिऱ्हाईक मिळाले ते अवकाशात. १९५८ साली उडालेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर सौरघट बसवले होते. तिथे बॅटरी बदलायला कोणी जाऊ शकत नव्हते, म्हणून किंमत हा प्रश्नच नव्हता.

१९७३ च्या तेलसंकटानंतर जमिनीवरच्या वापराकडे लक्ष वळले. १९७० च्या दशकाच्या मध्याला पॅनेलचा दर, आजच्या पैशांत मोजला तर, एका वॅटला शंभर डॉलरच्या आसपास होता. आज जागतिक बाजारात तो पाव डॉलरपेक्षाही कमी आहे. ही घसरण एखाद्या एकट्या शोधाने झालेली नाही. सिलिकनच्या चकत्या पातळ झाल्या, करवतीत वाया जाणारा भुगा कमी झाला, घटांची कार्यक्षमता वाढून २० टक्क्यांच्या पुढे गेली, कारखाने मोठे झाले. जर्मनीने २००० साली सौर विजेला हमीभाव देणारा कायदा केला, त्यामुळे मागणी वाढली. पुढे चीनने प्रचंड प्रमाणावर उत्पादन सुरू केले.

या घसरणीत एक नियमितपणा आढळतो. जगात आजवर तयार झालेल्या पॅनेलचे एकूण प्रमाण दुप्पट झाले, की किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरते. म्हणजे ती ०.८ पट होते. उत्पादन दहा वेळा दुप्पट झाले तर ते १०२४ पट होते, आणि किंमत ०.८ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.१०७ पट होते. उत्पादन हजारपट, किंमत एक-दशांश. घातांकाच्या धड्यासाठी हे उदाहरण चांगले आहे. अर्थात हा निसर्गनियम नव्हे. तो अनुभवावरून बसवलेला नियम आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. स्वस्त झाले ते पॅनेल. त्याला धरणारा लोखंडी सांगाडा, तारा, मीटर, जोडणीची मजुरी आणि एकदिश धारेचे प्रत्यावर्ती धारेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर हे तितके स्वस्त झालेले नाहीत. घरगुती संचाच्या किंमतीत आज नुसत्या पॅनेलचा वाटा साधारण निम्मा किंवा त्याहून कमीच असतो. म्हणून जागतिक बाजारात पॅनेलचे दर निम्मे झाले, तरी आपल्या दारातला संच निम्म्या किंमतीला मिळत नाही.

एका घराचा हिशेब

आता ३ किलोवॅटचा संच घेऊ. सध्या अशा संचाचा खर्च ठिकाण आणि दर्जा यांनुसार दीड लाख ते दोन लाख रुपयांच्या घरात जातो. गणितासाठी आम्ही १,८०,००० रुपये धरतो. वाचकांनी इथे आपल्या गावचा आकडा घालावा.

मिळणारी वीज : दिवसाला १२ युनिट, म्हणजे वर्षाला ४,३८०. धूळ, थोडीफार सावली आणि वीज खंडित असतानाचे तास वजा करून पहिल्या वर्षी ४,००० युनिट धरू. पॅनेलची क्षमता दर वर्षी सुमारे अर्ध्या टक्क्याने घटते. म्हणून २५ वर्षांची सरासरी वर्षाला ३,८०० युनिट होते. एकूण ९५,००० युनिट.

होणारा खर्च : संच १,८०,००० रुपये. इन्व्हर्टर पॅनेलइतका टिकत नाही, तो बाराव्या वर्षाच्या सुमारास एकदा बदलावा लागेल, त्याचे ३०,००० रुपये. धुणे-पुसणे आणि किरकोळ दुरुस्ती वर्षाला १,००० प्रमाणे २५,००० रुपये. एकूण २,३५,००० रुपये.

भागाकार केला की एक युनिट अडीच रुपयांना पडते. विक्रेते बहुधा हाच आकडा सांगतात. हा आकडा खोटा नाही, पण अपुरा आहे. त्यात पैशाची वेळ धरलेली नाही.

आज दिलेले १,८०,००० रुपये आणि पंचवीस वर्षांनी वाचणारे पैसे यांची किंमत सारखी नसते. हे पैसे कर्जाऊ घेतले तर व्याज भरावे लागते. स्वतःचे असले तर ठेवीवर मिळाले असते ते व्याज बुडते. व्याजाचा दर ८ टक्के धरला, तर १ लाख रुपये २५ वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडायला दर वर्षी सुमारे ९,३७० रुपये लागतात. त्या हिशेबाने १,८०,००० रुपयांचा हप्ता सुमारे १६,८७० रुपये होतो. इन्व्हर्टरचा भावी खर्च २५ वर्षांवर सारखा वाटला तर वर्षाला सुमारे १,१०० रुपये, आणि देखभालीचे १,०००. बेरीज १८,९७० रुपये. तिला ३,८०० ने भागले की उत्तर येते ५ रुपये.

तेच छत, तेच ऊन, तीच पॅनेल. एका हिशेबात अडीच रुपये, दुसऱ्यात पाच. निम्मा खर्च वस्तूचा आहे, उरलेला निम्मा व्याजाचा. यावरून एक मोठी गोष्ट उमगते. ज्याला कमी व्याजाने पैसा मिळतो त्याला सूर्याची वीज स्वस्त पडते. ज्याला सावकाराकडे जावे लागते त्याला तेच ऊन महाग पडते.

आता अनुदान. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती संचासाठी पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान ठरले. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० रुपये. आपल्या संचाचा घरमालकावरचा बोजा १,०२,००० रुपयांवर येतो आणि वरच्याच पद्धतीने एका युनिटाचा खर्च सुमारे ३ रुपये निघतो. मात्र अनुदानाने खर्च नाहीसा होत नाही. तो घरमालकाच्या खिशातून सरकारी तिजोरीकडे, म्हणजे आपल्या सर्वांकडे, सरकतो.

वाचलेले युनिट कोणते?

खर्च कळला. पण फायदा ठरवायचा तर वाचलेल्या युनिटाची किंमतही कळायला हवी, आणि ती सर्वांना सारखी नसते.

महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी चढतात. पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. महावितरणच्या २०२४-२५ मधल्या दरांनुसार, वहन आकार धरून, पहिल्या १०० युनिटांना दर सुमारे ६ रुपये होता. दुसऱ्या टप्प्यात तो साडेअकरा रुपयांच्या जवळ आणि तिसऱ्यात १५ रुपयांच्या वर होता. दर बदलत असतात, पण चढती रचना हा त्यातला मुख्य मुद्दा आहे. पॅनेलची वीज बिलातून वजा होते ती वरच्या टोकापासून, म्हणजे सर्वांत महाग युनिट आधी जातात.

दोन घरे घेऊ. पहिल्या घरात महिन्याला ३०० युनिट लागतात. त्यांच्या विजेचे होतात १०० गुणिले ६ अधिक २०० गुणिले साडेअकरा, म्हणजे २,९०० रुपये. ३ किलोवॅटचा संच महिन्याला सरासरी ३३३ युनिट देतो, म्हणजे स्थिर आकार सोडला तर हे सगळे वाचतात. वर्षाला ३४,८००. अनुदानानंतरचे १,०२,००० रुपये तीन वर्षांत भरून निघतात. अनुदान नसते तरी सव्वापाच वर्षे लागली असती.

दुसऱ्या घरात महिन्याला ९० युनिटच लागतात. त्यांना १ किलोवॅट पुरतो. छोटा संच किलोवॅटमागे थोडा महाग पडतो, म्हणून ७०,००० रुपये धरू. अनुदान वजा जाता ४०,०००. बचत वर्षाला ९० गुणिले ६ गुणिले १२, म्हणजे ६,४८० रुपये. पैसे फिटायला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. ज्याचे बिल मोठे त्याचा फायदा लवकर, ज्याचे लहान त्याचा उशिरा. आणि जो भाड्याच्या घरात राहतो किंवा ज्याच्या डोक्यावर पत्र्याचे तकलादू छप्पर आहे, त्याला या गणितात जागाच नाही. सौर विजेच्या प्रसाराबद्दल बोलताना ही बाजू विसरता कामा नये.

रात्रीचे काय?

वरच्या हिशेबात आम्ही एक गोष्ट गृहीत धरली. पॅनेल वीज देते दिवसा, तर घरातले दिवे, पंखे, दूरदर्शन संच चालतात मुख्यतः संध्याकाळी. मग दुपारची वीज संध्याकाळी कशी मिळाली? याचे उत्तर आहे नेट मीटर. दुपारी वापरून उरलेली वीज जाळ्यात जाते, शेजारच्या घरात किंवा दुकानात खर्च होते आणि मीटर तिची नोंद ठेवतो. संध्याकाळी आपण जाळ्यातून वीज घेतो. महिन्याच्या शेवटी देणे-घेणे वजा होते. वर्षाअखेरीस काही युनिट शिल्लक राहिलेच, तर त्यांना मिळणारा दर घरगुती दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा फार मोठा संच बसवण्यात शहाणपण नाही.

थोडक्यात, नेट मीटर असलेल्या घराला विजेचे जाळे बिनखर्चाची बॅटरी म्हणून वापरायला मिळते. 'बिनखर्चाची' हे त्या घरापुरते खरे आहे. जाळ्याच्या दृष्टीने दुपारचे युनिट आणि संध्याकाळी सातचे युनिट सारखे नाही. दुपारी सौर वीज मुबलक होत चालली आहे, तर संध्याकाळी सूर्य मावळलेला असताना मागणी शिगेला पोहोचते. तेव्हा औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांना धावपळ करावी लागते. केंद्र सरकारने २०२३ साली वीजग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार दराचे तत्त्व आणले, ते याचसाठी : उन्हाच्या तासांत वीज स्वस्त, मागणीच्या तासांत महाग. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर २०२३ च्या एप्रिलपासून नव्या छतसंचांच्या जाळ्यात जाणाऱ्या विजेचा मोबदला मोठ्या प्रमाणात कमी केला. त्यानंतर तिथे पॅनेलबरोबर बॅटरी घेणाऱ्यांचे प्रमाण वाढले.

आणखी एक मुद्दा अनेकांना संच बसवल्यानंतरच कळतो. बॅटरी नसलेला, जाळ्याला जोडलेला संच वीज गेली की बंद पडतो, मग बाहेर लख्ख ऊन का असेना. हा दोष नाही, सुरक्षेची व्यवस्था आहे. वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या कामगाराच्या तारेत आपल्या छतावरची वीज शिरली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून जाळ्यातला दाब नाहीसा होताच इन्व्हर्टर आपणहून थांबतो. ज्या गावात दिवसा तासन्तास वीज नसते, तिथे हे तास उत्पादनातून वजा धरले पाहिजेत.

बॅटरीचा हिशेब

बॅटरी वीज तयार करत नाही. ती वीज एका वेळेकडून दुसऱ्या वेळेकडे नेते. तेव्हा तिचा खर्च 'वाहतुकीचा' आहे, आणि तो विजेच्या खर्चावर वरून चढतो.

आपल्याकडे सर्वांत परिचित ती शिसे-आम्ल बॅटरी. फ्रान्सच्या गॅस्तॉँ प्लँते यांनी ती १८५९ मध्ये तयार केली. घरगुती इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-तास, १.८ युनिट. पण ती रोज पूर्ण रिकामी केली तर लवकर खराब होते. म्हणून निम्मीच वापरायची, म्हणजे ०.९ युनिट. अशी १,२०० वेळा भरली-रिकामी केली, तर आयुष्यात एकूण १,०८० युनिट मिळतील. किंमत १६,००० रुपये धरली तर युनिटमागे जवळपास १५ रुपये. व्याज धरून सुमारे १८. शिवाय एक युनिट काढायला सव्वा युनिट भरावे लागते. पाच रुपयांच्या दराने त्याचे सव्वासहा रुपये. एकूण सुमारे २४ रुपये.

दुसरी लिथियम बॅटरी. ती १९९१ साली बाजारात आली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारींसाठी तिचे उत्पादन वाढले आणि बॅटरीसंचाचा जागतिक सरासरी दर २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. घरगुती बॅटरी याहून महाग पडते, कारण तिच्याबरोबर पेटी, नियंत्रक, कर आणि विक्रेत्याचा नफा येतो. घरांसाठी बहुधा लिथियम-लोह-फॉस्फेट हा प्रकार वापरतात. तो तुलनेने सुरक्षित आणि दीर्घायुषी आहे.

५ युनिटांची अशी बॅटरी १ लाख रुपयांना धरू. ती ९० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणजे साडेचार युनिट. ४,००० आवर्तने आणि वयोमानाने होणारी घट धरून आयुष्यात सुमारे १६,२०० युनिट. बारा वर्षांत वाटले तर वर्षाला १,३५०. नुसता भागाकार सहा रुपयांच्या थोडा वर येतो. ८ टक्के व्याजाने बारा वर्षांचा हप्ता वर्षाला सुमारे १३,२७० रुपये होतो, म्हणजे युनिटमागे ९ रुपये ८० पैसे. त्यात भरायच्या विजेचे साडेपाच रुपये मिळवले की १५ रुपयांच्या थोडे वर.

दोन्हींची तुलना बोलकी आहे. लाख रुपयांच्या बॅटरीतले युनिट १५ रुपयांना पडते, सोळा हजारांच्या बॅटरीतले २४ ला. तरी गावोगाव शिसे-आम्ल बॅटरीच दिसते, कारण एकरकमी लाख रुपये काढणे सर्वांना जमत नाही. हातात पैसा कमी असला की महागाचीच वस्तू घ्यावी लागते, हा बाजाराचा जुना नियम इथेही लागू आहे.

मग बॅटरी घ्यावी की नाही?

नेट मीटर आहे, वीज सहसा जात नाही, अशा घराला आज बॅटरीने पैसे वाचत नाहीत. जे काम जाळे फुकट करते, त्यासाठी युनिटमागे दहा रुपये का द्यावेत? पण ही स्थिती कायमची नाही. वरच्या हिशेबात बॅटरीची किंमत निम्मी करून पाहा. वाहतुकीचा खर्च ४ रुपये ९० पैसे होतो आणि एकूण सुमारे साडेदहा रुपये. म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या साडेअकरा रुपयांपेक्षा कमी. नेट मीटरच्या सवलती आटल्या आणि बॅटरी आणखी उतरली, तर उत्तर बदलेल. त्यामुळे आज पॅनेल बसवताना पुढे बॅटरी जोडता येईल असा इन्व्हर्टर घ्यावा का, हे विचारून ठेवावे.

वीज वारंवार जात असेल तर प्रश्नाचे रूपच वेगळे होते. समजा वीज गेल्यावरच बॅटरी वापरली आणि वर्षाला १००च युनिट काढले. मग एक युनिट सव्वाशे रुपयांच्या वर जाते. हा विजेचा भाव म्हणून वेडेपणाचा वाटेल. पण प्रसूतीच्या वेळी आरोग्य केंद्रातल्या दिव्याचा, किंवा दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री जळणाऱ्या दिव्याचा भाव युनिटाने होत नाही. इथे बॅटरी म्हणजे विमा आहे. विम्याचा हप्ता जसा गरजेपुरता घेतात, तशी बॅटरीही दिवे, पंखे आणि अत्यावश्यक उपकरणांपुरती घ्यावी. सारे घर तिच्यावर चालवायला जाऊ नये.

साठवण करायची तर ती विजेचीच केली पाहिजे असेही नाही. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला १०० गुणिले ४.२ गुणिले २५, म्हणजे १०,५०० किलोज्यूल लागतात. ३,६०० ने भागले की सुमारे २.९ युनिट. म्हणजे उष्णतारोधक टाकीतले १०० लिटर ऊन पाणी ही जवळजवळ ३ युनिटांची 'बॅटरी'च आहे. तिला आवर्तनांची मर्यादा नाही आणि आम्लही नाही. दुपारी पंप लावून टाकी भरणे, इस्त्री आणि कपडे धुण्याचे यंत्र उन्हात चालवणे, सौर पंपाने शेततळे भरून ठेवणे, हे सगळे साठवणीचेच प्रकार. लसी साठवण्यासाठी असे सौर शीतकपाट निघाले आहेत की ज्यांत बॅटरीच नसते. दिवसा बर्फ करून ठेवतात आणि रात्रभर तो थंडावा पुरतो. बॅटरीचा विचार त्यानंतर करावा.

शाळेत करण्याजोगे

शाळा दिवसा चालते, म्हणून छतावरची वीज शाळेला साठवणीवाचून वापरता येते. पण दोन गोष्टी तपासाव्या लागतात. घरगुती अनुदान शाळेला मिळत नाही. शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीत, जेव्हा ऊन भरपूर असते, शाळा बंद असते. सुट्टीतली वीज जाळ्याने घेतली नाही तर ती वाया जाते. विद्यार्थ्यांना पुढील उपक्रम देता येतील.

१. प्रत्येकाने घरच्या बारा महिन्यांच्या बिलांतले युनिट नोंदवून आलेख काढावा. त्यावर १ किलोवॅटच्या संचाचे महिन्याचे सुमारे १२० युनिट दाखवावेत. पावसाळ्यात ही रेघ खाली का येईल, याची चर्चा करावी.

२. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा वाजता मीटर वाचून कोणत्या वेळात किती युनिट गेले ते काढावे. त्यांतले किती काम उन्हाच्या वेळात सरकवता येईल?

३. छताचा नकाशा काढून सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावल्या आखाव्यात. तिन्ही वेळा मोकळी राहणारी जागा किती चौरस मीटर? तिला दहाने भागले की किलोवॅट मिळतील.

४. या लेखातला हिशेब व्याजाचा दर ४ टक्के आणि १२ टक्के घेऊन पुन्हा करावा. ४ टक्क्यांना १ लाखाचा २५ वर्षांचा वार्षिक हप्ता सुमारे ६,४०० रुपये येतो, १२ टक्क्यांना सुमारे १२,७५०. युनिटाचा दर किती बदलतो?

शेवटचा उपक्रम सर्वांत महत्त्वाचा. आम्ही इथे दिलेले रुपयांचे आकडे दोन-तीन वर्षांत जुने होतील, पण पद्धत जुनी होणार नाही. विक्रेत्याने सांगितलेल्या दरात व्याज धरले आहे का, बॅटरी किती आवर्तने चालेल, वाचणारे युनिट कोणत्या टप्प्यातले आहे, हे तीन प्रश्न जो विद्यार्थी घरी विचारू शकेल, त्याने ऊर्जेचा धडा नीट शिकला असे म्हणायला हरकत नाही.